दुसरा भाग वाजलाच नाही

मंडळी, घरी आले तरी डोकं शांत होईना, म्हणून इथं लिहून टाकते.

आज जुन्या जालन्यातल्या एका कार्यक्रमात मी आणि माझी मैत्रीण वैशाली एक सोनाटा, म्हणजे मधे क्षणभर थांबत वाजवायची अनेक भागांची पाश्चात्त्य रचना, वाजवणार होतो. मी व्हायोलिन, ती कीबोर्डवर पियानोची बाजू. एका जर्मन संगीतकाराने अगदी कोवळ्या वयात लिहिलेली ही रचना तिकडंही फार कुणी वाजवत नाही. पावसाळाभर आम्ही तिच्यावर मेहनत घेतली, ती खरं तर दुसऱ्या भागासाठी. इतका संथ, इतका सुंदर आहे तो.

पहिला भाग संपला, आम्ही क्षणभर थांबलो. लोकांना वाटलं, झालं. टाळ्या पडल्या. निवेदक माईकवर आले, "आता जल्दी कलाकारांचा सत्कार करून घेऊ, पाहुण्यांना पुढं जायचंय."

लोकांवर माझा राग न्हाई. त्यांना कसं कळणार? पण वैशालीला तर माहीत होतं! मी तिला मानेनं खुणावलं. ती हसली, उठली, अन् शालीसाठी वाकली. फोटोही काढून घेतला.

नंतर विचारलं तर म्हणे, "अगं, तिथं कोणाला काय कळून राह्यलं होतं?"

मला कळत होतं, वैशाली.

तुम्हीच सांगा, मी एकटीनं पुढं वाजवायला हवं होतं का? पण तो भाग पियानोच सुरू करतो. व्हायोलिनचा गज उचलून मी तिच्या पहिल्या सुराची वाट बघत होते, अन् ती नारळ घेत होती.