सासूबाईंचा चिनी राजा

मला जळायला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत! पण या वेळी कारण होतं, चांगलं पितळेचं.

आमच्या सासूबाई लीलावती लग्न होऊन साताऱ्याहून इंग्लंडात लेस्टरला आल्या आणि होजिअरीच्या फॅक्टरीत लागल्या. साडीत पाय अडकून बर्फावर आपटल्या, तशा दुसऱ्या दिवशी सरळ पँट घालून कामावर गेल्या. त्यांच्या सासूने अबोला धरला. "पाय माझे गारठतात, त्यांचे नाही," म्हणून यांनी पँट काही सोडली नाही. दोन मुलगे वाढवले. नवरा गेल्यावरही कुणाकडे राहायला आल्या नाहीत. बेलग्रेव्ह रोडच्या मागे स्वतःचा फ्लॅट, आणि दर गुरुवारी लायब्ररीत इतिहासाचा क्लास.

तिथे त्यांना तो राजा भेटला. चीनमधल्या चाओ राज्याचा वूलिंग, तेवीसशे वर्षांपूर्वीचा. उत्तरेचे घोडेस्वार त्याला सळो की पळो करून सोडायचे, आणि याचे सरदार आपले घोळदार झग्यांत अडखळताहेत. राजाने झगे उतरवायला लावले आणि शत्रूसारखी विजार आधी स्वतः घातली. म्हातारा काका रुसून घरी बसला, तर त्याच्या घरी जाऊन समजूत काढली. मग काय, घोड्यावरून बाण मारत मुलूख जिंकत सुटला. एकदा तर स्वतःचाच दूत बनून शत्रूच्या दरबारात जाऊन आला पठ्ठ्या! "माझ्यासारखाच गं," आई म्हणायच्या, सख्ख्या भावाचं कौतुक सांगावं तशा.

तर कारण. आईंकडे दोन गौरी बसायच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळी मुखवटे, त्यांच्या सासूकडून आलेले. रीतीप्रमाणे ते थोरल्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे यायचे. आईंचे गुडघे गेले आणि त्यांनी ते दिले कुणाला? निधीला! माझी धाकटी जाऊ, लंडनजवळच्या मेडनहेडची, आयटीवाली, केस मोकळे सोडून पुरण वाटणारी. "तिला हौस आहे," आई म्हणाल्या. मग इतकी वर्षं आईंच्या किचनमध्ये सोळा भाज्या कोण चिरत होतं?

त्या वर्षी आम्ही सगळे मेडनहेडला गेलो. निधीने गौरींना नेसवलेल्या पैठण्या मी पाहिल्या, "छान" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर आई माझ्याकडेच बघत होत्या.

परतताना गाडीत त्यांनी राजाचं पुढचं सांगितलं. लाडक्या राणीपायी त्याने थोरल्या मुलाला बाजूला सारलं आणि जिवंतपणीच गादी धाकट्याला दिली. मग एकदा भर दरबारात थोरला धाकट्यापुढे वाकताना दिसला आणि बापाचं काळीज हललं. राज्याचे दोन भाग करावेत, एक थोरल्याला द्यावा, असं त्याच्या मनात आलं.

"बरोबरच आहे त्याचं," मी फाडकन म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी ज्येष्ठा आणून माझ्या हातात ठेवली. कनिष्ठा निधीकडेच राहिली. मला वाटलं, आता तरी जीव शांत होईल. कुठलं काय! तिने मखर केलं की मला त्याहून मोठं हवं. तिने ग्रुपवर फोटो टाकला की माझा टाकल्याशिवाय मला चैन नाही. आई जेवायला कुणाकडे, यावरून तर आमची फोनवर चांगलीच जुंपली. शेवटी आई मला म्हणाल्या, "अक्षया, मी मेडनहेडला जातेय, सुयश न्यायला येतोय." सुयश म्हणजे माझे दीर, निधीचा नवरा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पूजेच्या दिवशी माझा नैवेद्य दाखवून होतोय, तोच निधीचा व्हिडिओ कॉल. "ताई, जरा आईंना द्या ना. त्यांना माझी गौरी दाखवायचीय."

"आई? त्या तुझ्याकडे आहेत ना?"

"नाही हो! मला म्हणाल्या, अक्षयाकडे जेवते."

मी डबा भरला, गाडी काढली आणि आईंचा फ्लॅट गाठला. आई रेशमी साडी नेसून एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. समोर टोस्ट आणि गार झालेला चहा.

"अहो आई, हे काय?"

"तुझ्याकडे आले असते तर ती धुमसली असती. तिच्याकडे गेले असते तर तू."

डबा उघडता उघडता काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "त्या राजाचं शेवटी काय झालं?"

"भाऊ भाऊ लढले. थोरला हरला आणि बापाच्या महालात पळून आला. बापाने दार उघडलं. धाकट्याच्या माणसांनी वेढा घातला, थोरल्याला मारलं, नोकरचाकर सगळे बाहेर काढले. आत म्हातारा एकटा. घरट्यांतली चिमण्यांची पिल्लं काढून खाल्ली त्याने. तीही संपली. उपाशी मेला." आईंनी पुरणपोळीचा तुकडा मोडला. "वाटणी करायला तोच निघाला होता ना. चूक माझीच गं."

फोन वाजला. निधी हुंदके देत होती. "ताई, आई जेवल्या का?" आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? की हिला रडणंसुद्धा शोभतं मेलीला!

"जेवताहेत," मी म्हणाले. "आणि ऐक. पुढच्या वर्षी ज्येष्ठाही तुझ्याकडे. दोघी एकत्र बसू देत. आईंना मी घेऊन येईन."

बोलले खरी, पण ग्रुपवरचा तिचा पुढचा फोटो आत्ताच डोळ्यांसमोर नाचायला लागला, दोन्ही गौरींचा! आईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या. त्या भराभरा जेवत होत्या.