इटलीवाल्यांनी नाकारलेला व्हिसा

बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आले तेव्हा त्यांची मागणी एकच होती: परतताना दोन दिवस रोम. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म गेला त्यांचा. रोममधल्या एका जुन्या चर्चबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. शेजारी शेजारी तीन रोमन देवळं होती. ती ढासळल्यावर उरलेल्या खांबांमधल्या जागा भरून चर्चच्या भिंती उभ्या केल्या. खांब अजून भिंतीत दिसतात.

"पाडणं सोपं असतं रे," बाबा म्हणायचे. "त्या गवंड्याचं काम एकदा हात लावून बघायचंय."

व्हिसाचं मी बघतो म्हणालो. २००२ साल होतं, ऑफिसात दर शुक्रवारी कुणाची तरी नोकरी जायची आणि तो खोकं उचलून घरी जायचा. रजा मागून न्यूयॉर्कला इटलीच्या वकिलातीत जायची भीती वाटली, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे कंटाळा केला. बाबांनी विचारलं तेव्हा तोंडातून गेलं, "रिजेक्ट केला त्यांनी."

"बरं," बाबा म्हणाले. मग माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी तेच चर्च करायला घेतलं. पेपर टॉवेलच्या नळ्यांचे खांब, मध्ये पुठ्ठ्याची भिंत.

"आजोबा, इट्स क्रुकेड!"

"क्रुकेडच पाहिजे. तू दोन हजार वर्षं उभी राहून बघ."

दोघं हसत होती. मी भांडी नसताना डिशवॉशर लावत होतो.

निघायच्या दिवशी, चेक-इनच्या रांगेत, कसाबसा बोललो. "बाबा, मी अर्जच केला नव्हता."

"ठाऊक आहे. पासपोर्ट माझ्या बंडीच्या खिशात. तो न बघता कोण रिजेक्ट करणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तीन महिने लावलेस. आमच्या कंत्राटदारांपेक्षा बरा." आणि बॅग पुढे ढकलली.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी पुण्याला गेलो तर बाबांबरोबर फिरायला जाणारे एक काका दारातच म्हणाले, "काय रे हे इटलीवाले! म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस आत सोडवत नाही?"

बाबांनी सगळ्यांना तेच सांगितलं होतं. ते शेजारीच चपला घालत होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

"हो ना काका," मी म्हणालो.

नंतर बाबांचे गुडघे गेले आणि रोम राहिलं ते राहिलंच. काका, इटलीवाल्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.