इस्त्री केलेली पॅन्ट

आमच्या शाळेतले कारकून डबा उघडला की आधी त्याचा फोटो काढतात. "थांबा सर, हात मधी घालू नका," असं मलाच बजावतात. वजन उतरवायला ते दर रविवारी स्वतःच्या पोटात इंजेक्शन टोचून घेतात, आणि काय खाल्लं, किती चालले, सगळं मोबाईलवरून पुण्याच्या डॉक्टरांना कळतं. त्यांच्या दवाखान्यातली एक मुलगी फोन करून विचारते, "काका, मळमळत नाही ना?"

एकदा माझी भजी चुकून फोटोत आली. मुलीचा लगेच फोन. "न्हाई ओ ताई, ते आमच्या सरांचं हाय!" ते मोठ्यानं म्हणाले. सगळी स्टाफरूम हसली.

मी तीन वर्षं रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालतोय. माझं पोट जागचं हललं नाही. यांचं दिवाळीपासून निम्मं गेलं. "भूकच लागत न्हाई सर," असं ते इतक्या सहज सांगतात की त्यांच्या वजनकाट्याचा सेल संपावा असं मला वाटतं. तरी त्यांच्याएवढा जाड मी कधीच नव्हतो, एवढं एक समाधान होतं.

परवा त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. आत त्यांची जुनी पॅन्ट, कडक इस्त्री केलेली. "मला आता लई ढगळ व्हतीय. तुमाला बसंल." चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता, तेच जास्त लागलं.

घरी दार लावून मी ती घालून पाहिली. हुक लागला नाही.