बावन्नच्या पुढचं माप

मास्तर गिऱ्हाइकाचे कपडे शिवताना शिवणीत दोन बोटं माया ठेवायचे. माया म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड. गिऱ्हाईक अंगाने सुटलं, की उसवून सैल करता येतं. स्वतःच्या सदऱ्यात मात्र सूतभरसुद्धा नाही! का, तर आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले, वडीलही बावन्नाव्याच. दोघांचंही हृदयच. "आमचं कापडच तसलं," मास्तर म्हणायचे, "सुटायला वेळ कुठे मिळतोय?" बायको चिडायची. चिडेल नाही तर काय करेल बिचारी!

बावन्नावं लागलं आणि छातीत धडधडायला लागलं. बायकोने हट्टाने सगळ्या तपासण्या करायला लावल्या. रिपोर्टच्या दिवशी मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "किती दिवस उरलेत तेवढं सांगा. मुलीला दुकान समजावून द्यायचंय."

"अहो, कसले दिवस? रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत तुमच्या. रक्तदाब थोडा जास्त आहे, त्याला गोळी देते."

"पण हे आमच्या रक्तातच आहे ना?"

बाईंच्या अंगावरचा कोट मास्तरांनीच शिवलेला. त्या म्हणाल्या, "कापड वडिलांचंच आहे, खरं. पण तुम्ही कापडावर खडूने खुणा करता ना? तशा खुणा जनुकांवरही असतात. कुठलं जनुक चालू, कुठलं गप्प, हे त्यांच्यावर ठरतं. सिगारेट, खाणं, ताण यांनी त्या बदलतात. वडील ओढायचे?"

"वडील, आजोबा, दोघंही, मशीनवर बसून. मीही. मुलगी खोकायला लागली म्हणून सोडली, सहा वर्षं झाली."

"मग बऱ्याच खुणा पुसट झाल्या असतील. सगळ्याच जातात असं नाही हं, दरवर्षी दाखवायला यायचं."

बाहेर बाकावर बायको फाईल छातीशी धरून बसली होती. "मोकळ्या आहेत गं," एवढंच म्हणाले आणि भर दवाखान्यात मास्तर ढसाढसा रडले.

"इतकी वर्षं माझा जीव टांगणीला लावलात," बायको डोळे पुसत करवादली, "आणि आता स्वतःच रडताय!"

दुकानात आल्या आल्या मास्तरांनी राखून ठेवलेलं करडं कापड काढलं. "माझं माप घे," मुलीला म्हणाले. तिने माप घेतलं, आखलं आणि वडिलांच्या सदऱ्याला नेहमी लावायची तशी अगदी रेघेवर कात्री टेकवली.

"अगं, थांब थांब!" मास्तर ओरडले. "माया सोड की! चांगली दोन बोटं सोड. म्हातारपणी सुटलो म्हणजे?"

मुलीने कात्री बाजूला ठेवली, खडूची रेघ झटकून पुसली आणि दोन बोटं सोडून नवी आखली.