गच्चीवर वाळत घातलेला पाला

माझे वडील, म्हणजे अण्णा, एकेचाळीस वर्षं सांगलीत एका वैद्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. वैद्य नाडी बघायचे, चिठ्ठी लिहायचे आणि पुढचं सगळं अण्णा करायचे. काढे उकळायचे, चूर्णं चाळायची, पुड्या बांधायच्या. तेलं सिद्ध करण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं वैद्य स्वतः सांगत. लहानपणी मला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील बँकेत नाहीतर कारखान्यात असत आणि माझ्या वडिलांच्या शर्टाला ओव्याचा नाहीतर एरंडाचा वास येई.

आई गेल्यावर दीड वर्षाने ते तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे कुवेतला आले. निघण्याआधी मी फोनवर त्यांना बॅगेतली एकेक वस्तू वाचून दाखवायला लावली होती.

"खसखस काढा. इथे ती अमली पदार्थांत धरतात," मी म्हटलं.

"अनारशांवर लावलेली आहे. ती कशी काढू?"

"मग अनारसे राहू देत."

मग ते म्हणाले, "बरं. मीच खाऊन टाकतो."

आम्ही कुवेतच्या महबूला भागात एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. नवरा आणि मी सकाळी सातला बाहेर पडतो ते चारला येतो. मला काळजी होती की अण्णा दिवसभर एकटे काय करतील. पण चौथ्याच दिवशी मी परत आले तेव्हा ते इमारतीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि शेजारच्या खुर्चीवर आमचा हारिस होता. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. हा इजिप्तमधल्या कुठल्याशा खेड्यातला, साठीच्या पुढचा, जाडजूड, मिशाळ माणूस. अण्णांना अरबी येत नव्हतं, त्याला मराठी नाही आणि हिंदी दोघांचीही जेमतेम. तरी दोघांचं काहीतरी जोरात चाललं होतं.

"काय बोलत होता एवढं?" मी वर आल्यावर विचारलं.

"त्याचे गुडघे दुखतात," अण्णा म्हणाले. "उजवा जास्त. जिना उतरताना कळ येते. रात्री पाय लांब केला की बरं वाटतं."

मी त्या माणसाला सहा वर्षं रोज सलाम करत होते. मला हे माहीत नव्हतं.

त्या दिवसांत आमची लिफ्ट बंद होती. मालक दर आठवड्याला 'बुकरा', म्हणजे उद्या, असं सांगायचा आणि हारिस लोकांचे पाण्याचे बाटले घेऊन सहा-सहा मजले चढायचा. अण्णा खिडकीत बसून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत. एकदा जेवताना ते एकदम म्हणाले, "याला खरं म्हणजे भांगेच्या पानांचं तेल पाहिजे. आम्ही करायचो. वैद्यांकडे परवाना होता, पाला कुलपात असायचा. तिळाच्या तेलात मंद आचेवर..."

मी घास ताटात ठेवला. "अण्णा, हा शब्दसुद्धा इथे तोंडातून काढायचा नाही. खाली नाही, लिफ्टपाशी नाही, फोनवर नाही. इथे त्याला माफी नाही. तुम्ही आत, आम्ही सगळे सांगलीत."

"मी फक्त सांगतोय."

"सांगायचंसुद्धा नाही."

ते थोडे दुखावले. पण माणूस हट्टी, विचार करायचा थांबला नाही. आठवडाभराने मी घरी आले तर दारात एक भरलेली गोणी. समुद्राच्या बाजूला फिरायला गेले असताना त्यांना एका बंगल्याच्या कुंपणाची झाडं छाटताना बांगलादेशी माळी दिसला होता. छाटलेल्या फांद्या तो गाडीत टाकत होता. अण्णांनी एक फांदी उचलली, पान चुरगळून हुंगलं आणि त्याच्याकडून गोणीभर पाला मागून आणला.

"निर्गुडी," ते म्हणाले. इतक्या आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "नाहीतर निर्गुडीची मावसबहीण. पण गुण तोच. थोडा पाला सावलीत वाळवतो, थोड्याचा रस काढतो. तीळतेल मिळतं ना तुमच्या त्या जमैयात?"

जमैया म्हणजे आमच्या भागातलं सहकारी दुकान. तिथे तीळतेल मिळत होतं. मी हो म्हटलं आणि पुढे लक्ष दिलं नाही. ही माझी चूक. कारण निर्गुडीचं पान कसं दिसतं हे मला आठवत असतं तर मी त्याच क्षणी गोणी परत पाठवली असती. एका देठावर पाच लांबट, टोकदार पानं, पंजा पसरल्यासारखी. सिनेमात, टी-शर्टवर, सिगारेटच्या दुकानावर जे पान काढलेलं असतं, अगदी तसं.

अण्णांनी हारिसकडून खुणेने गच्चीची किल्ली मागून घेतली. तो अण्णांना बाबा म्हणे; त्याला वाटलं, बाबांना कपडे वाळत घालायचे असतील. अण्णांनी पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत माझी निळी चादर अंथरली आणि तिच्यावर पाला पसरला.

शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. हारिस उभा होता. घामाने डबडबलेला, चेहरा पांढरा. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला तो वर गेला होता.

"मदाम," तो म्हणाला, आणि पुढे जे बोलला त्यातला एकच शब्द मला धडपणे कळला. हशीश.

हळूहळू उलगडलं ते असं. चादर बघून तो घाबरला. किल्ली त्याच्याकडे, गच्ची त्याच्या ताब्यात, उद्या कुणी बघितलं तर मान त्याची. म्हणून त्याने आधी मालकाला फोन केला आणि मग त्याला आठवलं की किल्ली बाबांनी नेली होती. आता मालक येत होता आणि हारिसचे डोळे भरून आले होते. "बाबा चांगला माणूस आहे," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "मला माहीत नव्हतं बाबांचं आहे."

नवरा बाहेर गेलेला. अण्णा आतून चष्मा पुसत आले आणि विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांना भीती वाटली नाही. त्यांचा अपमान झाला.

"निर्गुडी आणि भांग यांतला फरक कळत नाही लोकांना?"

आम्ही तिघं गच्चीवर गेलो आणि मालक वीस मिनिटांत तिथे पोचला. पन्नाशीचा, पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला, एरवी हसतमुख माणूस. सहा जिने चढून, वर गच्चीपर्यंत येऊन त्याला धाप लागली होती. त्याने चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शिनो हादा?" हे काय आहे, त्याने विचारलं.

मी इंग्रजीत सांगायला लागले की हे औषधी झाड आहे, गुडघ्याचं तेल करायचंय. माझा आवाज इतका कापत होता की माझा मलाच विश्वास बसला नसता. अण्णांनी मला बाजूला केलं. त्यांनी एक पान उचललं आणि दवाखान्यात नव्या पोरांना शिकवत असतील तसं मालकाच्या डोळ्यांपुढे धरलं.

"हे बघा, कड सपाट आहे. भांगेच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. हे मागून बघा, पांढरट, लव आहे. वास घ्या. कापरासारखा येतो की नाही? त्याला सांग, मी भांग चाळीस वर्षं हाताळलीय. माझ्याकडून चूक होणार नाही."

शेवटची दोन वाक्यं मी भाषांतरित केली नाहीत.

मालकाने कड बघितली, वास घेतला. तो अर्धवट पटल्यासारखा दिसत होता, पण उरलेल्या अर्ध्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "मी तुम्हाला ओळखतो," तो मला म्हणाला. "पण उद्या शेजारच्या इमारतीतून कुणी फोटो काढला तर?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खाली गाडीत त्याची आई बसली होती. शुक्रवारी तो तिला समुद्रावर फिरवायला नेई. तिला ताटकळत बसवल्याबद्दल ती फोनवर त्याला झापत होती, तिचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. त्याने एक डहाळी हातात घेतली आणि तो निघाला. आम्हीही मागोमाग निघालो. हारिस कठडा धरून एकेक पायरी उतरत होता.

म्हातारी पुढच्या सीटवर बसली होती. काळा अबाया, हातात जपमाळ, ऐंशीच्या पुढचं वय. मुलाने खिडकीतून डहाळी दाखवून काहीतरी विचारलं. तिने पानं तळहातावर चोळली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघून म्हणाली, "निगडी."

अण्णा चमकले. "निगडी म्हणतात, बरोबर. कोकणात निगडी म्हणतात."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हातारी हिंदी बोलायला लागली, जुन्या मुंबईची, मोडकीतोडकी पण न थांबणारी. तिचे वडील मोत्यांचा व्यापार करायचे. तिचं बालपण मुंबईत गेलं, अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत. "हमारे घर में बाई थी, रत्नागिरी की. बुखार आया, बदन दुखा, तो ये पत्ता पानी में डालके नहलाती थी. निगडी, निगडी बोलती थी. मेरी माँ को बच्चा हुआ तब भी." तिने पुन्हा एकदा हुंगलं. "सत्तर साल हो गया."

मालक तोंड उघडं ठेवून आईकडे बघत होता. ती हिंदी बोलते हे त्याला माहीत होतं, पण या पानाचा विषय त्याच्या घरात कधी निघाला नव्हता. तिने त्याला अरबीत चार वाक्यं सुनावली. मला 'वेडा' आणि 'पोलीस' हे शब्द कळले. तो हसायला लागला. हारिस गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला आणि त्याने खिशातला रुमाल काढून आख्खं तोंड पुसलं.

मी तिला हारिसच्या गुडघ्यांसाठी करायच्या तेलाचं सांगितलं. "तेल कब बनेगा?" तिने अण्णांना विचारलं.

"पुढच्या शनिवारी."

"मैं देखने आएगी."

मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे, सहा मजले तुम्हाला जमणार नाहीत. तिने मान वळवून मुलाकडे पाहिलं. मंगळवारी दोन माणसं हत्यारं घेऊन आली आणि बुधवारी लिफ्ट सुरू झाली. सगळी इमारत अण्णांना दुवा देत होती, त्यांनी नेमकं काय केलं ते मात्र फारच थोड्यांना ठाऊक होतं.

शनिवारी ती खरंच आली, सोबत खजुराचा डबा. माझ्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली. अण्णांनी सकाळपासून तयारी केली होती. माळ्याकडून पुन्हा आणलेल्या ताज्या पाल्याचा रस गाळून ठेवला होता, वाळलेल्या पाल्याची वाटून गोळी केली होती. जाड बुडाच्या पातेल्यात तीळतेल, त्यात ती गोळी, वरून रस, आणि गॅस इतका बारीक की आहे की नाही शंका यावी. मग तीन तास उलथनं फिरवत राहायचं, बुडाशी लागू द्यायचं नाही. घरभर कडवट, कापरासारखा वास भरला.

"लसूण डालो," म्हातारी म्हणाली.

"लसूण नाही."

"बाई लसूण डालती थी."

"ती पाण्यात टाकत असेल. तेलात नाही," अण्णा मराठीतच म्हणाले. तिला ते कळलं असावं, कारण तिने नाक मुरडलं. अर्ध्या तासाने तिने पुन्हा लसणाचा विषय काढला.

मी दाराला टेकून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांना काम करताना बघत होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. पातेल्यातला आवाज बदलला की घड्याळ न बघता ते ज्योत कमी-जास्त करत. शेवटी तेलावर पांढरा फेस आला तेव्हा त्यांनी पाल्याचा चोथा चिमटीत घेऊन वळला. त्याची वात झाली. ती गॅसवर धरली, ती न तडतडता जळली. "पाणी संपलं," ते म्हणाले. "झालं."

"शाबास," म्हातारी म्हणाली.

तिला दोन बाटल्या दिल्या, चार हारिसला. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी अण्णा स्वतः खाली जाऊन त्याचे गुडघे चोळून देत. पहिल्या दिवशी तो लाजून पाय आखडत होता, येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होता की बाबा ऐकतच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच पायजमा वर करून बसला. गुण तेलाचा होता, लिफ्टचा होता की कुणीतरी रोज त्याच्यापाशी अर्धा तास बसतंय याचा, मला सांगता येणार नाही. पण दोन आठवड्यांनी तो मला म्हणाला की नमाजाला खुर्ची घेणं त्याने सोडलं.

अण्णा परत गेले. जूनमध्ये हारिस सुट्टीवर गावी गेला, उरलेली बाटली बायकोसाठी घेऊन. आला तेव्हा सांगत होता की तिने ती आठवड्यात संपवली आणि आता फोनवर त्याच्या तब्येतीच्या आधी तेलाचं विचारते. मी हे अण्णांना कळवलं. ते खुलले, पण लगेच म्हणाले, "तिचा सांधा सुजतो का, की नुसता दुखतो, विचार. सूज असली तर हे तेल नाही चालायचं, दुसरं करावं लागेल."

मी हारिसला विचारलं. त्याने बायकोला विचारलं. तिचं म्हणणं असं की सूज वगैरे काही नाही, बाबांनी जास्त प्रश्न विचारू नयेत आणि या वेळी बाटली मोठी पाठवावी.