न अडकणारी बंदूक

सिंगापूरमध्ये, बुकित बातोकला आमच्या इमारतीखालच्या बाकावर एक मराठी काका रोज संध्याकाळी बसत. राहणारे अमेरिकेतले, इथे मुलीकडे आलेले. एकदा छत्री खांद्याला लावून, एक डोळा मिटून त्यांनी समोरच्या साळुंक्यांवर नेम धरला.

"माझी शॉटगन अश्शी हलकी! सेमी-ऑटोमॅटिक, तरी स्वस्त. नुसता चाप ओढत राहायचा. कध्धी अडकत नाही."

माझ्या भावाला तिकडे अमेरिकेतच, त्याच्या दुकानात, कुणीतरी तसल्याच बंदुकीने मारलं होतं. त्याला वर्षही झालं नव्हतं. मी ते सांगितलं आणि म्हटलं, "तीही अडकली नाही, काका."

छत्री खाली आली.

"अरेरे," ते म्हणाले. मग, "कुठल्या कंपनीची होती हो?"

मी उठलो. भावाचं नाव त्यांनी विचारलं नाही, याचा संताप अजून जात नाही.