कार्डिफचा खडा

मुलुंडच्या वाचनालयात गुणाजी मोंडकर शिपाई होता. सकाळी कपाटं उघडायची, वर्तमानपत्रं मांडायची आणि मे महिन्यात व्याख्यानमाला लागली की सतरंज्या अंथरून दाराशी उभं राहायचं. चार वर्षांत तिथल्या खुर्चीवर तो एकदाही टेकला नव्हता. बसू नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणावंच लागलं नाही.

त्याआधीची बावीस वर्षं त्याने बोटींच्या पोटात काढली होती. आगवाला, म्हणजे बॉयलरच्या तोंडात कोळसा फेकणारा. आगवाले बहुतेक पंजाबी नाहीतर पठाण असायचे. त्यांत हा एकटा मालवणचा, हातातल्या फावड्याहून वीतभर उंच. बोटीवरून उतरून इतकी वर्षं झाली तरी नखांत बसलेला कोळसा काही निघाला नव्हता.

चोपन्न सालच्या मालेत शरच्चंद्र गुप्ते वकील बोलायला उभे राहिले. तीन महिने विलायतेत राहून नुकतेच परतले होते आणि विषय होता ‘मी पाहिलेले जग’. तीन महिन्यांत जग! पण माणूस बोलला छान, खोटं कशाला सांगा. सुवेझचा कालवा झाला, लंडनचं धुकं झालं, पॅरिसची चित्रं झाली. गुणाजीही मान डोलावत ऐकत होता. शेवटी वकीलसाहेब हळहळून म्हणाले, “आपले खलाशी बिचारे जन्मभर जगाला फेऱ्या घालतात, पण पाहत काहीच नाहीत. बोटीवरच्या ट्रंका जशा जातात नि येतात, तसेच ते.”

लोक हसले. आणि दारातून आवाज आला, “कोणी सांगितलं?”

सगळ्यांच्या माना वळल्या. कार्यवाह नंदकुमार कर्णिक घाईघाईने म्हणाले, “गुणाजी, साहेबांना पाणी आण.” गुणाजीने पाणी आणलं, पेला टेबलावर ठेवला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. पण त्याच्या मनातून ती ट्रंक काही हलेना. बावीस वर्षं दुसऱ्याच्या बोटी चालवल्या आणि शेवटी आपण सामान ठरलो, याचा त्याला संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कर्णिकांच्या टेबलापुढे गेला.

“मालेचा शेवटचा दिवस सभासदांचा असतो ना? मला बोलायचंय.”

कर्णिक वाईट माणूस नव्हते, नियमाचे होते. “अरे, तू बॉयलरपाशी. तिथून तुला काय दिसणार? आणि नोकराला सभासद होता येत नाही, नियम आहे.”

“मग नोकर नको,” गुणाजी म्हणाला आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याने टेबलावर ठेवला. “आता द्या सभासदाचा कागद.”

कर्णिकांना वाटलं, गरम डोकं आहे, संध्याकाळपर्यंत थंड होईल. पण शाळेच्या मुख्याध्यापिका मृणालिनीबाई तिथेच मासिक चाळत बसल्या होत्या. त्यांनी उठून त्या कागदावर सूचक म्हणून सही केली. गुणाजीला लिहिता येत नव्हतं. त्याने अंगठा उठवला.

घरी बायकोने, आवडूने, त्याला उभ्या उभ्या सोलून काढलं. “पोटार पाय मारून घेतलास तुमी! एकट्या पोराच्या, जयवंताच्या पगारार घर चलतला? आनि बोलतलास काय? ती शिकलेली माणसां. फजिती करतली तुमची.”

“करूंदेत. ट्रंक म्हणाले माका. मी गप रवूचंय नाय.”

आणि त्याने माळ्यावरून बोचकं काढलं.

त्या बोचक्यावरून आवडू आणि त्याचं वीस वर्षं भांडण होतं. लोक परदेशातून रंगीत चित्रं आणतात, कपबशा आणतात. या माणसाने कोळसा आणला होता. जे बंदर आवडलं तिथे भरलेल्या कोळशातला एक खडा फडक्यात बांधायचा आणि ओळखीसाठी दोऱ्याला गाठी मारायच्या. एक गाठ विलायतेतलं कार्डिफ, दोन आफ्रिकेतलं दरबान, तीन जपानातलं मोजी. लढाईच्या दिवसांत सरपण मिळेना, तेव्हा आवडूने त्यातले दोन खडे शेगडीत घातले होते. गुणाजी तिच्याशी महिनाभर बोलला नव्हता.

शेवटच्या दिवशी सभागृह भरलं. गंमत बघायला म्हणून भरलं, हे गुणाजीला ठाऊक होतं. वकीलसाहेब पहिल्या रांगेत, आवडू बायकांच्या बाजूला मागे. सतरंज्या कर्णिकांनी स्वतः अंथरल्या होत्या, त्यामुळे वाकड्या होत्या. गुणाजीने आधी एक सतरंजी सरळ केली आणि मग बोलायला उभा राहिला.

“मी जग पाह्यलं ते कोळसा भरताना,” तो म्हणाला. “बंदराला लागलं की कोळसा भरायचा. आम्हाला चार तास सुट्टी मिळायची, कधी सहा. तेवढ्यात पाह्यलं.”

मोजीबद्दल त्याने सांगितलं. तिथे बायका कोळसा भरत. बोटीच्या अंगाला शिड्या लावून, ओळीने उभ्या राहून, टोपल्या हातोहात वर. पाठीला पोर बांधलेलं आणि तोंडात गाणं. “गाणं मला कळलं नाय. पण आमच्याकडे भात लावताना बायका गातात ना, तसंच. मला आई आठवली.”

दरबानला समुद्रावर एक बाक होतं, फक्त गोऱ्यांसाठी. “पाटी वाचता येत नव्हती, म्हणून बसलो. पोलिसाने उठवलं, पाटीचा अर्थ सांगितला. मग अर्थ कळला म्हणून पुन्हा बसलो. दोनदा उठवलं, तीनदा बसलो. तिसऱ्यांदा बोट सुटायचा भोंगा झाला, म्हणून माझा मी उठलो. ते बाक माझं लय आवडतं ठिकाण.”

आता कुणी हसत नव्हतं.

“आणि कार्डिफ. तिथे संध्याकाळी खाणीतली माणसं घरी चालली होती. सगळी काळी, माझ्यासारखी. मला वाटलं, इतके आपले लोक इथे कसे? एक हसला तेव्हा डोळे निळे दिसले. त्याने मला बाजूला बसवून तंबाखू दिली. म्हणाला, तू जाळतोस तो मी खणलेला. बावीस वर्षांत असा गोरा एकच भेटला.”

त्याने खडे टेबलावर मांडले. तेव्हा गुप्ते वकील उठले. कोर्टाची सवय, दुसरं काय! “गोष्ट सुरेख आहे. पण कोळसा तो कोळसा. स्टेशनच्या यार्डातून वेचला नसेल कशावरून? पुरावा?”

गुणाजीने मागे पाहिलं. “आवडू, शेगडी आण.”

घर वाचनालयाच्या मागच्याच वाडीत होतं. आवडूने अर्धा शिजलेला भात उतरवला आणि निखाऱ्यांसकट शेगडी आणून त्याच्यासमोर ठेवली. चेहऱ्यावर असा भाव, की आता एकाला तरी बघूनच घेते.

“वकीलसाहेब, रुमाल द्या.” रुमाल परीटघडीचा होता. “हा एक गाठवाला जळेल, तरी रुमाल पांढरा राहील. असा बिनधुराचा कोळसा तुमच्या यार्डात मिळायचा नाय. हा तीन गाठवाला जळला की तुम्ही रुमाल परत मागणार नाय.”

कार्डिफचा खडा हातात घेऊन तो थोडा थांबला. त्याला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. आवडूने दोन जाळले म्हणून तो महिनाभर रुसला होता, आणि हा तर सगळ्यांत लाडका. मग त्याने तो निखाऱ्यांत ठेवला.

खडा लवकर पेटेना. लोक चुळबुळले. गुणाजी पंख्याने वारा घालत राहिला. त्याला त्या कोळशाचा स्वभाव ठाऊक होता. पेटला तो लालबुंद, आणि धूर जवळजवळ नाहीच. रुमाल वर धरला, फिरवून दाखवला. पांढरा. मग मोजीचा खडा टाकला आणि काळा धूर असा उसळला की पहिली रांग खोकत उठली. रुमालावर काजळीचा थर बसला. गुणाजीने तो नीट घडी घालून वकीलसाहेबांपुढे धरला.

आधी मृणालिनीबाई हसल्या, मग सगळं सभागृह. वकीलसाहेबांनी रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, “मोंडकर, ट्रंकेचे शब्द मी मागे घेतो.” मोंडकर! या वाचनालयात त्याला आडनावाने कुणी पहिल्यांदाच हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी वाचनालयात आला आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसला. कर्णिकांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे सरकवला. “झालं गेलं सोड. उद्यापासून ये कामावर. फक्त सभासदत्व रद्द करावं लागेल.”

घरी आवडू काय म्हणेल, याचा हिशेब त्याने मनातल्या मनात केला. मग जुडगा परत सरकवला.

“नकाशांचं मोठं पुस्तक द्या. आणि कार्डिफ कुठे ते दाखवा.”

कर्णिकांनी पुस्तक आणलं, पान काढलं, जागा दाखवली. गुणाजीने तिथे बोट टेकलं. कालच्या काजळीने बोट अजून काळं होतं. उचललं तेव्हा कागदावर डाग उमटलेला. कर्णिक लगबगीने खोडरबर शोधू लागले.

“राहू दे,” गुणाजी म्हणाला. “तिथे मी होतो.”